सात सिक मेमो आणि कांद्याची गाडी

दुपारी साडेबाराला सातवा माणूस सिक मेमो मागायला आला, तेव्हा मी पेन खाली ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. मे महिना. डोक्यावर पत्रा. पंखा होता, पण तो वारा घालायचा नाही, नुसता माशांना झोके द्यायचा.

"तुला काय होतंय?" मी विचारलं.

"पोट," शंकर म्हणाला. शंकर जगदाळे, मालगाडीचा ड्रायव्हर, वय एकतीस. इंजिन बंद पडलं तर छातीनं ढकलत पाटसपर्यंत नेईल असा गडी.

"सकाळपासून सहा जणांचं पोटच दुखतंय. एका ताटात जेवलात का रे?"

"तसं न्हाई बाबू. ज्याचं त्याचं येगळ्या जागी दुखतंय."

मी मेमो फाडून दिला. तो पोट धरून बाहेर गेला आणि दारातून बाहेर पडताच ताठ झाला.

मी दौंडच्या लोको शेडमध्ये क्रू बुकिंग क्लार्क होतो. कोणत्या गाडीवर कोणता ड्रायव्हर आणि कोणते फायरमन जाणार हे ठरवायचं आणि त्यांना बोलावणं पाठवायचं, एवढंच काम. सांगायला एक ओळ, करायला एक जन्म. ड्रायव्हर आजारी पडला की तो माझ्याकडून सिक मेमो नेतो, म्हणजे एक चिठ्ठी. ती घेऊन रेल्वेच्या दवाखान्यात जायचं. मला मेमो नाकारता येत नसे. मी डॉक्टर नव्हतो. डॉक्टर असतो तर त्या दिवशी सातही जणांना एकच औषध दिलं असतं, पायताणाचं.

कारण हे सातही जण शेडच्या फुटबॉल टीममधले होते आणि पाच वाजता रेल्वेच्या ग्राउंडवर पोलिसांच्या टीमशी मॅच होती.

आता तुम्ही म्हणाल, पुणे जिल्ह्यात फुटबॉल कुठला? आजूबाजूच्या गावांत कुस्ती चालायची. दौंडात फुटबॉल. गोरे ड्रायव्हर गेले, जाताना बॉल ठेवून गेले. आमच्या न्हाव्याच्या दुकानात सुद्धा ब्राझीलच्या त्या जगप्रसिद्ध दहा नंबरवाल्याचा फोटो होता, आणि अर्धे लोक दाढी करायला नाही तर तो बघायला जायचे. परदेशातल्या मॅचची बातमी पेपरात तीन दिवसांनी यायची, गुळाच्या भावाखाली चार ओळी. तेवढ्या चार ओळींवर शेडमध्ये आठ दिवस भांडणं.

आदल्या उन्हाळ्यात अशीच एक बातमी आली होती. दहा नंबरवाला रिटायर झालेला, तो पुन्हा बूट घालून अमेरिकेतल्या एका टीमकडून खेळायला गेला. डॉलर घेऊन. शेडमध्ये फाळणी झाली. तरुण म्हणाले, गेला तर गेला, म्हातारपणाची सोय नको का? म्हाताऱ्यांनी सुतक धरलं. सगळ्यांत मोठं सुतक डेनिस अंकलचं. डेनिस अंकल म्हणजे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, रिटायर व्हायला आता दोनच महिने राहिलेले, तरी टीमचा कॅप्टन आणि गोलकीपर. "गॉड को खरीद लिया मॅन," तो म्हणाला, "अब सर्कस में नचाएगा." घरी जाऊन त्यानं आपल्या भिंतीवरचा दहा नंबरवाल्याचा फोटो उलटा टांगला, तोंड भिंतीकडे.

एरवी मॅच असली की खेळाडू आपसात ड्युट्या बदलून घ्यायचे. दोघं-तिघं बाहेरगावी जायचे, बाकीचे खेळायचे. या वेळी एकही हलेना. आणि त्याला कारण कोण? मी.

झालं असं. त्याच आठवड्यात शेडमध्ये एक अमेरिकन इंजिनिअर आला होता. इथं डिझेल इंजिनं ठेवता येतील का ते बघायला. उंची एवढी की शेडच्या घड्याळात काटा अडकला तर शिडी न घेता सोडवेल. बुधवारी मला खडीच्या गाडीवर ड्रायव्हर हवा होता आणि शंकर नको म्हणत होता. खडीची गाडी कुणालाच आवडत नाही, ती जागोजागी थांबते आणि नाकातोंडात धूळ जाते. मी म्हणालो, "जाऊन ये. तो अमेरिकन आलाय ना, त्यानं दहा नंबरवाल्याशी हात मिळवलाय. रविवारी भेट घालून देतो."

कुठून सुचलं देव जाणे. खडीची गाडी मात्र गेली.

रेल्वे कॉलनीत बातमी मेलपेक्षा जोरात धावते. मेलला पाटसला सिग्नल लागतो, बातमीला लागत नाही. गुरुवारी नळावर ऐकलं की अमेरिकन दहा नंबरवाल्याबरोबर जेवलाय. शुक्रवारी तो त्याच्या टीमच्या मालकाचा मेहुणा झाला. शनिवारी कळलं की डिझेल हे नुसतं निमित्त, साहेब दौंडातून एक खेळाडू निवडून अमेरिकेला नेणार आहे. त्यात फोरमन साहेबांनी त्याला मॅचचा पहिला बॉल मारायला बोलावलं. मग काय, सगळ्यांची पोटं दुखली.

इकडे मालधक्क्यावर बावीस डबे कांदा भरून उभा होता. न्हावरे आणि आसपासच्या गावांचा माल. जायचा कलकत्त्याला. लोखंडी बंद डबे, वरून मे महिन्याचं ऊन. त्यात कांदा दोन दिवस राहिला तर बाहेर निघतो ती भाजी असते. गाडीला पाच वाजताचा पाथ मिळाला होता. पाथ म्हणजे मालगाडीला रुळावर मिळालेली मोकळी वेळ. ती चुकली तर पुढची दोन दिवसांनी.

न्हावऱ्याचे आप्पा दर अर्ध्या तासानं माझ्या खिडकीशी येत. डोक्याला ओलं उपरणं.

"बाबू, गाडी कवा सुटायची?"

"पाचला, आप्पा."

"आजच्याच पाचला नव्हं?"

"आजच्याच."

"न्हाई, इचारून ठिवल्यालं बरं. डब्याला हात लावून आलो. हात पोळतोय. वास सुटाया लागलाय."

त्यांच्या मागोमाग फोरमन साहेब आले. शेडचे सर्वेसर्वा. त्यांनी सातही मेमोंच्या स्थळप्रती पत्त्यांसारख्या हातात धरल्या.

"सोनवणे, दोन वर्षांपूर्वीचा संप आठवतो?"

"साहेब, तो कोण विसरेल?"

"मग ऐक. पाचला गाडी गेली, तर हे सात पोटदुखे. नाही गेली, तर सोलापूरहून कंट्रोलचा फोन येईल, का नाही गेली. मी सांगणार, सात ड्रायव्हर एकदम सिक. त्यावर वरचे काय लिहितील? संप. आणीबाणी चालूय. सातही घरी जातील. आणि त्यांचे मेमो फाडणारा तू."

ते गेले. मी टोपी घातली आणि खरं बोलायला निघालो. आयुष्यात फार वेळा केलेलं नव्हतं, म्हणून जरा जड जात होतं.

शंकर ग्राउंडवर चुना मारत होता. मी त्याला बाजूला घेतलं. "शंकर, ते अमेरिकनचं मी खोटं सांगितलं होतं. खडीच्या गाडीसाठी. त्या माणसाला फुटबॉल गोल असतो की चौकोनी हेही ठाऊक नसेल. गाडीवर चल. तुमच्या सात जणांच्या नोकरीचा प्रश्न आहे."

शंकरनं माझ्याकडे बघितलं आणि हसला. "काय बाबू! गाडी काढायला आता खोटं बोलताय व्हय?"

"अरे, तेव्हा बोललो ते खोटं होतं!"

"तवा तुमच्या तोंडावर तेज व्हतं. आज न्हाई."

बाकी सहा जणांनीही माझ्या तोंडावर तेज शोधलं. सापडलं नाही.

दोन वाजले होते. दोन फायरमन तयार होते, इंजिनात वाफ तयार होती, नव्हता तो ड्रायव्हर. माझ्या बुकात एकच नाव उरलं होतं, डेनिस. तो सकाळी मनमाडहून गाडी घेऊन आलेला. नियमानं त्याची विश्रांती पुरी व्हायला संध्याकाळचे सात वाजणार होते. पण त्यानं सिक मेमो घेतला नव्हता. चाळीस वर्षांत एकदाही घेतला नव्हता.

मी त्याच्या क्वार्टरवर गेलो. तो पायरीवर बसून फुटबॉलच्या बुटांना ग्रीस लावत होता. मला बघून म्हणाला, "नो मॅन. आज मेरा लास्ट मॅच है."

मी गाडीचं काहीच बोललो नाही. पायरीवर बसलो. मिसेस डेनिसनं पाणी दिलं ते प्यालो. मग म्हणालो, "अंकल, पहिला बॉल तो अमेरिकन मारणार. त्याआधी टीम ओळीत उभी राहणार. तुम्ही कॅप्टन. पहिला शेकहँड तुमचा, त्या डॉलरवाल्याशी."

ग्रीस लावणारा हात थांबला.

"डेनिस," मिसेस आतून म्हणाल्या, "तमाशा नहीं करना."

डेनिसनं ग्रीसच्या डब्याला झाकण लावलं. मग म्हणाला, "माल क्या है?"

"कांदा."

"किधर का?"

"कलकत्ता."

त्यानं आत वळून भिंतीवरच्या उलट्या फोटोकडे बघितलं. "कलकत्ता," तो म्हणाला. "उधर के लोग को फुटबॉल समझता है." त्यानं बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या, बूट खिळ्याला अडकवले आणि ड्युटीचे बूट पुढं ओढले.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या एका थापेची भरपाई म्हाताऱ्यानं आपली शेवटची मॅच देऊन केली होती, आणि हे त्याला ठाऊक नव्हतं. मी बुकात त्याचं नाव लिहिलं. विश्रांती दोन तास कमी, सही माझी.

पाचला दहा कमी असताना इंजिन गाडीला लागलं. डेनिस हँडल धरून वर चढला आणि वरच थबकला. फुटप्लेटवर, म्हणजे ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात त्या लोखंडी फळीवर, अमेरिकन उभा होता. बाह्या वर सारलेल्या, तोंडभर हसू.

मी फोरमन साहेबांकडे बघितलं.

"मी काय करू?" ते हळूच म्हणाले. "तो म्हणाला, मला तो खेळ कळत नाही, मला बॉल मारायला लावू नका. त्याचा बाप वाफेच्या इंजिनावर फायरमन होता म्हणे. चार दिवस माझ्या मागं लागलाय, एकदा इंजिनावरून जाऊ द्या. दिला पास."

"सोनवणे," डेनिस वरून म्हणाला. नुसतं नाव. पण त्या एका नावात माझ्या सात पिढ्या येऊन गेल्या.

"अंकल, पाथ जाईल."

खालून आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "ड्रायव्हर साहेब, तुमचं काय आसंल ते वाटंत भांडा. माझा कांदा उकडाय लागलाय."

डेनिसनं आप्पांकडे बघितलं, सिग्नलकडे बघितलं, मग फायरमनच्या हातातलं फावडं घेऊन अमेरिकनच्या हातात दिलं. "नो पिक्चर हियर, मॅन. वर्क." आणि शिट्टी ओढली.

मनमाडची लाइन ग्राउंडला लागून जाते. तिकडे टीम ओळीत उभी. हार तयार, बँड तयार, खुर्च्यांवर मोठी मंडळी. अमेरिकनची वाट बघतायत, गोलकीपरची वाट बघतायत. आणि त्यांच्या नाकासमोरून बावीस डबे कांदा घेऊन गाडी निघाली. फुटप्लेटवर बनियनमधला अमेरिकन, काळाठिक्कर, फावडं हलवून त्यांना टाटा करतोय. शेजारी त्यांचा गोलकीपर, नाकासमोर बघत.

शंकर सुटला तो थेट गाडीमागं. "ओ सायेब! सायेब! माझी मॅच तर बघा!" असं ओरडत आउटर सिग्नलपर्यंत पळाला. तेवढ्या वेगानं तो अख्ख्या मॅचमध्ये पळाला नाही. पहिल्या खुर्चीवर रेल्वेचे डॉक्टर बसले होते. दुपारी शंकरनं त्यांनाच पोट दाबून दाखवलं होतं.

पोलिसांनी नऊ गोल केले असं मी पुढं सगळीकडे सांगत आलो. खरं म्हणजे चार होते.

कंट्रोलचा फोन आला नाही. गाडी वेळेवर गेल्यावर रेल्वे कुणालाच काही विचारत नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सातही मेमोंवर लिहिलं, 'व्यायामाने उतार, कामास योग्य.' सातही नोकऱ्या राहिल्या. आप्पांचं महिन्याभरानं कार्ड आलं: दोन डबे सोडले तर माल चांगला निघाला, येणे करावे, भाकरी खाऊन जावे. अपुऱ्या विश्रांतीचा ड्रायव्हर पाठवला म्हणून माझी बढती मात्र वर्षभर अडकली. मी कारण लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

अमेरिकन डेनिसबरोबरच मनमाडहून परत आला. फायरमननं सांगितलं, नगरपर्यंत दोघं बोलले नाहीत. मग अमेरिकननं विचारलं, त्या मैदानावर काय चाललं होतं? झालं. डेनिसनं मनमाडपर्यंत कोळशाचे खडे मांडून त्याला ऑफसाइड समजावला आणि दहा नंबरवाला कसा पळतो तेही. कोळसा कमी पडला नाही हे नशीब.

वर्षभरानं डेनिसला पत्र आलं. तोवर तो रिटायर झाला होता. पाकिटात एक फाटलेलं तिकीट होतं. अमेरिकन आपल्या पोराला घेऊन दहा नंबरवाल्याची मॅच बघायला गेला होता. इतक्या वरून बघितली की तो मुंगीएवढा दिसला, पण तू सांगितलंस तसाच पळतो, असं लिहिलं होतं. आता दमल्यासारखा वाटतो, असंही लिहिलं होतं. डेनिसनं ते वाचून दाखवलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "दमेगा ना मॅन. सब दमता है." मग उठून त्यानं फोटो सरळ केला.

हे मी शेडमध्ये सांगितलं. सगळ्यांत जास्त आनंद शंकरला.

"बघा! म्या म्हणलं नव्हतं? बाबूंची थाप खोटी नव्हती. फकस्त बिफोर टाइम सुटली."

बरोबर आहे. पण रेल्वेत गाडी लेट सुटली तर नुसतं कारण लिहावं लागतं. बिफोर टाइम सोडली, तर चार्जशीट मिळतं.