मायच्या कामाचा कोन

"तुझी आई काय काम करते?" सरांनी भर वर्गात विचारलं.

सरांना माहीत होतं. प्रवेशाच्या दिवशी माय बांधकामावरून थेट आली होती. पायाला सिमेंट. काउंटरवरच्या मॅडमनं तिला चपला जिन्यातच काढायला लावल्या. बाकीचे पालक बूट घालून आत बसले होते. सर तेव्हा समोरच उभे होते.

अकोल्यातला अकरावी-बारावीचा क्लास. एसी हॉल, माईकवर शिकवणारे सर. मी मराठी शाळेतून आलेली, बौद्ध वस्तीतली, सवलतीत प्रवेश मिळालेली. सवलतीचं सर अधूनमधून सगळ्यांना सांगायचे. त्या दिवशी डॉट प्रॉडक्ट चालू होता. सदिशांचा गुणाकार.

मी उभी राहिले. "बांधकामावर जाते सर. घमेले वाहते."

"डोक्यावर?"

"हो."

सर फळ्याकडे वळले. एक बाई काढली. डोक्यावर घमेलं. ओझं पेलणाऱ्या बलाचा बाण वर. चालण्याचा बाण आडवा. मधे नव्वदचा कोन.

"कॉस नाइन्टी किती?"

"झीरो," सगळे म्हणाले.

"म्हणजे हिची आई दिवसभर घमेले वाहते, तर फिजिक्सप्रमाणे काम किती?"

"झीरो."

हॉल हसला. सरही हसले. माईकमध्ये हसले, म्हणून ते हसू चारही भिंतींतून आलं. "आणि मजुरी मात्र पूर्ण मागतात," सर म्हणाले. "बस खाली."

मी बसले.

गणित चुकलेलं नव्हतं. तेच जास्त झोंबलं. सपाट रस्त्यावर एका वेगानं चाललं तर ओझं पेलणारं बल काही कार्य करत नाही. पुस्तकातही तेच होतं. मला मान्य होतं. पण ते हसणं कोणत्या सूत्रात होतं?

घरी माय भाकरी थापत होती. "काय शिकोलं आज?"

"सदिश."

"कठीन हाय का?"

"नाई," म्हटलं.

रविवारी तिचा डबा घरी राहिला, म्हणून मी बांधकामावर गेले. माय घमेलं घेऊन जिना चढत होती. जिन्याला कठडा नाही. एक हात घमेल्याला, एक भिंतीला. मान ताठ. मी खाली उभी राहून बघत होते. आणि एकदम दिसलं. सरांनी सपाट रस्ता धरला होता. इथं सपाट कुठं होतं? तिचा बाण तिरपा होता.

मी तिथंच वाळूत बोटानं काढलं. तिरप्या बाणाचे दोन भाग पाडले, एक आडवा, एक उभा. बल वरच्या दिशेनं. आडव्या भागाशी त्याचा काटकोन, तिथं शून्य. पण उभा भाग बलाच्याच दिशेनं जातो. तिथं शून्य नाही. जेवढा मजला उंच तेवढं कार्य जास्त. सदिशाचे भाग का पाडायचे, ते मला त्या वाळूत कळलं. आणि अजून एक कळलं. इतके दिवस मला राग येतो असं वाटत होतं. तो राग नव्हता, लाज होती. राग आता आला.

दुसऱ्या दिवशी शंका विचारायच्या तासाला मी उभी राहिले. "सर, मले फळ्यावर एक दाखवायचं हाय."

"मले" ऐकून दोघंचौघं हसले. हसू दिलं. फळ्यावर जिना काढला. बाण काढला, त्याचे दोन भाग पाडले.

"माही माय सपाट रस्त्यावर नाई चालत सर. तिसऱ्या माळ्यावर चढते. कोन नव्वदचा नाई. काम झीरो नाई."

सरांनी फळा पाहिला. "बरोबर आहे. पण तो वेगळा प्रॉब्लेम आहे."

"मंग वेगळ्या प्रॉब्लेममधी घ्या ना तिचं नाव. झीरोवाल्यात काहून घेतलं?"

सरांनी माईक बंद केला. "जागेवर जा."

"नाई सर. आधी सांगा."

"बाहेर हो."

मायला बोलावणं गेलं. ऑफिसात तिला कोणी बस म्हणालं नाही. सर म्हणाले, "मुलगी हुशार आहे, पण उर्मट आहे. सगळ्यांसमोर माफी मागू दे. तसंही तुमच्या लोकांचं कमी मार्कांत होऊन जातं. एवढा ताठा कशाला?"

माय माझ्याकडे वळली. "काय म्हनली तू?"

मी सगळं सांगितलं. हॉल कसा हसला तेही. तिनं ते पहिल्यांदाच ऐकलं. तिनं पदर नीट केला, एवढंच.

"हे खोटं हाय का साहेब?"

"प्रश्न खऱ्या-खोट्याचा नाही. शिस्तीचा आहे."

"मी माफी नाई मागणार," मी म्हटलं.

"चाल मंग," माय म्हणाली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "वर्स जाईन तुयं." तिला भीती वाटत होती. मलाही वाटत होती. तरी दोघींपैकी एकीनंही मागं वळून पाहिलं नाही.

क्लास कायमचा सुटला. बारावी मी सार्वजनिक वाचनालयात बसून काढली. इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही. तोंड आवरलं असतं तर लागला असता, असं वस्तीतलेही म्हणाले. असेल तसं.

आज मी अमरावतीला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करतेय. त्या सरांसारखी माणसं इथंही आहेत. बोलणं गोड, एवढाच फरक. परवा एकानं विचारलं, "पुढे नोकरीत तुला तर राखीव जागा असेल ना?" म्हटलं, "आहे. आणि मी ती घेणार आहे." त्याला वाटलं होतं, मी मान खाली घालीन.

मला प्राध्यापक व्हायचंय. मुलाखत घ्यायला असेच सर बसलेले असतील, माहीत आहे. बसू देत. मी अर्ज करीन. नाकारलं तर कारण लेखी मागीन. आणि पुन्हा अर्ज करीन.