बहिणींच्या सह्या झाल्या का?

अंगारे-धुपारे, नजर, भूतखेत — मी कधीच मानलं नाही. अमावस्येला मुद्दाम केस कापून घेणारी बाई मी. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण नात म्हणाली, "आजी, एकदाचं लिहून टाक, निदान झोप तरी लागेल तुला."

आठ वर्षं झाली. आम्ही निगडी प्राधिकरणात राहतो. मिस्टर कंपनीतून रिटायर झाले आणि त्यांच्या सगळ्या फंडाची जमीन घ्यायची, असं मी ठरवून टाकलं. त्यातलं मला कळत काय होतं? शून्य! पण मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून अठ्ठावन्न वर्षांची ही बया स्वतःला मोठी इन्व्हेस्टर समजायला लागली होती. गॉगल लावून, प्रश्नांची वही घेऊन चाकणच्या पुढे अकरा गुंठे बघायला गेले. प्रश्न तरी कसले — रिंग रोड कधी? डबल किती वर्षांत? सातबाऱ्यावर नावं कोणाकोणाची, हे मात्र विचारलं नाही. एजंटला वाटलं असतं ना, बाई नवखी आहे!

मिस्टरांचा गुडघा दुखत होता, म्हणून ते घरीच. त्यांना ऐकवायला मी फोनचं रेकॉर्डिंग चालू करून पर्समध्ये ठेवलं होतं.

भर दुपार. एजंट दत्ता तिथल्याच गावचा, गोडबोल्या. "काकू, ऊन लई हाय, रस आणतो," म्हणत रस्त्यापलीकडच्या रसवंतीवर गेला. पाच-सात मिनिटं मी एकटी, तोंड बंद. पण पाय उगाच एका जागी ठरेनात. उन्हामुळे असेल, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ता इसार घ्यायला घरी आला. चेक लिहून तयार होता. चहा होईपर्यंत मिस्टरांनी रेकॉर्डिंग लावलं. माझे शहाणे प्रश्न, दत्ताची गोड उत्तरं, मग त्याची लांब जाणारी पावलं, रसवंतीची घुंगरं... आणि अगदी जवळून एका बाईचा आवाज —

"भैनींच्या सह्या झाल्यात व्हय?"

लगेच दत्ताचा आवाज. "थोरलीची ऱ्हायलीय. न्हाई म्हणती ती. पर तिला कोन इचारतंय?"

पुन्हा नुसती घुंगरं.

मिस्टर माझ्यावरच उखडले. "अगं, एवढं विचारून आलीस आणि मला बोलली नाहीस?"

"मी कुठं विचारलं? हा तर तेव्हा रस आणायला गेला होता!"

दत्ता पांढराफटक. "काकू, आईशप्पथ, तुमी हे इचारलंच न्हाई. आन् इचारलं असतं, तर मी सांगितलं असतं व्हय?"

बोलून गेला आणि जीभ चावली. चहा न पिताच चपला घातल्या. मालकाच्या थोरल्या बहिणीची सहीच नाही, म्हटल्यावर मिस्टरांनी चेक फाडला.

फंड वाचला. माझी झोप गेली ती गेलीच.

कारण तो आवाज माझा होता. पण आताचा नव्हे. 'व्हय' म्हणायचं मी प्राधिकरणात आल्यावर सोडलं, त्याला जमाना झाला. तो माझा विशीतला, मावळातल्या माहेरचा आवाज. त्याच वयात माहेरच्या जमिनीची हक्कसोड भावाला लिहून दिली होती मी. कचेरीत, कागद न वाचता, सहीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडीवर खूश होऊन, हसत हसत. "ताई, काय इचारायचं हाय का?" भाऊ म्हणाला. आणि ही शहाणी विचारते, "साडीवर ब्लाउजपीस हाय का?"

मोबाईल दुरुस्तीवाल्याला ऐकवलं. जोडकाम नाही, म्हणाला. मिस्टर म्हणतात, डिलीट कर. बोट तिथपर्यंत जातं, आणि परत येतं.

ब्लाउजपीसच्या पलीकडे काही न सुचलेली ती पोरगी... एवढी वर्षं गप्प बसून, त्या उन्हात, परक्या बाईच्या सहीची चौकशी करायला कुठून आली? मला अजून कळलेलं नाही.