पास कुणाचा चुकला

अन्याय झाला तो आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघातल्या पॉइंट गार्डवर. झाला तो गेल्या हिवाळ्यात, विद्यापीठाच्या संघनिवडीआधीच्या सोमवारी, दुपारी सव्वातीन वाजता, जिमखान्याच्या खोलीत. करणारी मी. हे सगळं एका दमात सांगून टाकते, कारण पत्रकं लिहून लिहून मला एक खोड लागली आहे. अन्याय झाला असं ठणकावून म्हणायचं आणि करणाऱ्याच्या जागी ‘प्रशासन’ लिहायचं. या मजकुराचे पहिले दोन खर्डे तसेच झाले होते. फाडले.

मी खेळाडू नाही. मी पत्रकवाली. मुलींच्या चेंजिंग रूमला कडी नाही, यावर मी एक पत्रक काढलं होतं आणि कॉलेजच्या गेटवर उभं राहून वाटलं होतं. कडी बसली. पण खेळाच्या सरांच्या ते डोक्यात बसलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला मैदानावर बोलावलं आणि एक लांबट वही हातात दिली.

“लई न्याय न्याय करतीस. आता हे घे. सीझनभर पोरींच्या मॅच लिही. न्यायानं लिही.”

मला वाटलं, सर हरले. मी ऐटीत वही घेतली.

काम सोपं होतं. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे घेऊन येणारी आणि कुणाला द्यायचा ते ठरवणारी. तिनं दिलेल्या पासवर बास्केट झाली की एका रकान्यात रेघ. तिनं दिलेला चेंडू हातचा गेला की दुसऱ्या रकान्यात रेघ. मी विचारलं, “सर, पास नीट होता पण समोरचीला पकडता आला नाही तर?”

“चेंडू गेला की देणारीच्या नावावर. भानगड नको.”

भानगड नको. एरवी हे वाक्य कुठल्याही अधिकाऱ्याच्या तोंडून आलं असतं तर मी त्यावर दोन पानं लिहिली असती. तेव्हा मी मान हलवली.

आता संघ कसला होता ते सांगते. आमच्याकडे खऱ्या बास्केटबॉलवाल्या दोघीच. एक ही गार्ड, दुसरी आमची उंच सेंटर, बास्केटखाली खेळणारी. बाकीच्या तिघी सरांनी खो-खोच्या संघातून उचललेल्या, कारण पाच जणी झाल्या नाहीत तर संघच पाठवता येत नाही. त्या तिघी वाऱ्यासारख्या पळायच्या. पण खो-खोत बसलेल्या खेळाडूला शाळेपासून एकच शिकवतात: मागून पाठीला हात लागून ‘खो’ ऐकू येईपर्यंत जागचं हलायचं नाही. हललीस तर फाऊल. बास्केटबॉलमध्ये चेंडू यायच्या आधीच सुटावं लागतं. या तिघी उभ्या राहायच्या. पास यायचा, पाठीला नाहीतर खांद्याला लागून बाहेर जायचा. माझी रेघ.

गार्ड कुंभारीहून बसनं यायची. घरी तेलुगू, आई विड्या वळायची. पहिल्या मॅचच्या आधी बुटाच्या नाड्या बांधता बांधता ती मला म्हणाली होती, “विद्यापीठाच्या टीममधी आले ना, तर आई खेळाची टीचर व्हायला बी.पी.एड.ला पाठवतो म्हणलीय. न्हायतर सात रस्त्याच्या चौकात दुकानात चिकटायचं. म्हणून म्हणते ताई, नीट बघ हं.” ती ताई म्हणायची, एरवी माझ्याच वर्गात असून. मी वहीवर टिचकी मारून म्हणाले, “बघते की.” म्हणजे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं, असं इथे कुठेही म्हणायची सोय नाही.

दुसऱ्या मॅचला तिनं एक गंमत केली. चेंडू सोडता सोडता ओरडली, “खो!”

आणि ती खो-खोवाली चटका बसल्यासारखी सुटली, वळली, चेंडू हातात, बास्केट. पुन्हा “खो!” पुन्हा बास्केट. समोरच्या संघाला काही कळेना. पायऱ्यांवर बसलेली पोरं हसून लोळायला लागली. “अय, पुढच्या वेळी कबड्डी कबड्डी बी म्हण की!” “सर, बास्केट काढा, खांब रोवा बे!” आम्ही जिंकलो. सीझनमधली ती पहिली जीत. मी सुद्धा हसले होते.

सर हसले नाहीत. दुसऱ्या कॉलेजच्या सरांनी त्यांना चहाच्या वेळी काहीतरी टोमणा मारला होता. त्यांनी तिला सगळ्यांसमोर बोलावलं. “खेळाची इज्जत घालवलीस. पुन्हा खो ऐकला तर बाकावर बसवीन.” ती म्हणाली, “बरं सर.”

पुढच्या मॅचला पुन्हा चेंडू पाठीला लागायला लागले. पुन्हा माझ्या रेघा.

इथवर कुणी म्हणेल, नियम सरांचा, बंदी सरांची, तुझं काय चुकलं? थांबा. चौथी मॅच अजून सांगायची आहे.

आमची सेंटर माझी जिवाची मैत्रीण. कडीच्या पत्रकाच्या वेळी गेटवर माझ्या शेजारी उभी राहिलेली एकटी तीच. पोस्टरला खळ लावावी तर तिनंच. चौथ्या मॅचला ती बास्केटखाली एकटी होती, समोर कुणी नाही, आणि गार्डनं समोरच्या संघातल्या दोघींच्या मधून जमिनीवर टप्पा देऊन चेंडू थेट तिच्या हातात दिला. थेट हातात. माझ्यापासून दहा पावलांवर. तो तिच्या बोटांतून निसटून रेघेबाहेर गेला.

माझं पेन थांबलं. टाइम आऊट झाला. ती धापा टाकत माझ्यापाशी आली, बाटली उचलली.

“माझ्यावर लिहिलंस का काय?”

“तुझा रकानाच नाही.”

“पास जोरातच होता की. बघितलंस ना तू?”

“हो.”

“मग लिही.”

मी गार्डच्या नावावर लिहिलं, पास जोरात म्हणून. त्यानंतर तिच्या हातून जितके सुटले तितके लिहिले. दर वेळी पेन थोडं कमी थांबलं. शेवटच्या मॅचपर्यंत थांबायचंच बंद झालं.

मग तो सोमवार. सरांना विद्यापीठाकडे दोन नावं शेऱ्यासकट पाठवायची होती. टेबलावर वही उघडी. “रेघा मोजत बसायला वेळ न्हाय. गार्डचं एका ओळीत सांग. तूच बघितलंय सगळं.” मी पाच शब्द लिहिले: पासवर भरवसा ठेवता येत नाही. सेंटरबद्दलही एक ओळ लिहिली, ती चांगली. खाली सही केली. सव्वातीन वाजले होते, कारण साडेतीनला आमची फीवाढीविरुद्धची बैठक होती आणि मी घड्याळ बघत होते. त्या बैठकीत मी मूल्यमापन पारदर्शक असलं पाहिजे, यावर वीस मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या.

सेंटरची निवड झाली. गार्डची नाही. परीक्षा झाल्या आणि ती सात रस्त्याच्या एका टॉवेल-चादरीच्या दुकानात लागली.

मला हे सगळं आपोआप उमगलं, असंही नाही. कॉलेजच्या ग्रुपवर टाकायला मी मॅचचे व्हिडिओ काढत असे, फोन पायरीवर टेकवून ठेवायचा आणि विसरायचा. उन्हाळ्यात निरोपसमारंभासाठी त्यातले तुकडे जोडायचं काम माझ्याकडे आलं. एका दुपारी मी कानाला इअरफोन लावून बसले. मैदानावर असताना मी ओरडण्यात आणि लिहिण्यात असे. नुसतं ऐकलं कधीच नव्हतं.

तिसऱ्या मॅचपासून एक आवाज येत होता. चेंडूचे दोन ठोके, बाकीच्यांपेक्षा जोरात, एकामागोमाग. धप्-धप्. आणि त्याबरोबर पाठमोरी उभी असलेली पोरगी सुटायची. प्रत्येक वेळी नाही. सुरुवातीला एखादी, मग दोघी. पाचव्या मॅचला तिघी. खो म्हणायला बंदी आली तेव्हा तिनं खो जमिनीवर वाजवायला सुरुवात केली होती. मी वही काढून त्याच मॅचचं पान उघडलं. त्या जागी माझ्याच सुवाच्य अक्षरात शेरा होता: ‘पास देण्याआधी उगाच चेंडू आपटते. वेळ घालवते.’

मग मी सगळ्या मॅच पुन्हा बघितल्या, थांबवून थांबवून. पुढे पुढे ती खो-खोवाल्यांना खाली, गुडघ्याच्या उंचीला पास द्यायला लागली होती, कारण त्या उकिडव्या बसण्यातून उठायला शिकलेल्या, त्यांचे हात खालीच असायचे. सेंटरला छातीवर. डावीकडे बघायची आणि उजवीकडे द्यायची. पाच जणींना पाच तऱ्हेचे पास. मी एवढं सगळं दोन रकान्यांत कोंबलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. ती चादरींच्या घड्या घालत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. वही, रेघा, सेंटर, पाच शब्द. दोन ठोक्यांचंही सांगितलं.

“आत्ता कळलं व्हय तुला?” ती म्हणाली. “दोन ठोके म्हणजे ऊठ. एसटी स्टँडच्या मागं शिकवलं तिघींना. सरांना कळू दिलं न्हाय.”

“मग मला तरी सांगायचं होतंस.”

“तुला काय सांगायचं? वही तुझ्या हातात होती. मला वाटलं, तू बघायलीस.”

मी म्हणाले, मला माफ कर. ती हसली, शेजारच्या मुलीकडे बघून. “माफीचं काय करू बे मी? घडी घालून कपाटात ठेवू?” मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, “वही आणलीस का?”

आणली नव्हती. मालकांकडे बघत ती म्हणाली, “उद्या आण. जेवायच्या सुट्टीत.”

दुसऱ्या दिवशी दुकानामागच्या पायरीवर बसून तिनं ती वही पहिल्यांदा वाचली. पूर्ण सीझन तिच्याबद्दल लिहिलेली वही, आणि तिनं ती पहिल्यांदा बघितली. डबा बाजूला तसाच. बोट ठेवत ठेवत ती रेघा मोजत होती, जणू मॅच पुन्हा चालू होती. “हा तिच्या पाठीला लागला. हा त्या उंच सेंटरच्या हातनं सुटला. हा… थांब. हा माझाच. ती सुटली नव्हती, मी घाई केली. ऱ्हाऊ दे.” असे तिनं स्वतःवरचे तीन ठेवले. मी तेही खोडायला निघाले होते. तिनं माझा हात धरला. “जे माझे चुकले ते ऱ्हाऊ दे की. न्हायतर बाकीचं कोण खरं मानंल?”

ती वही घेऊन मी सरांकडे गेले. सर म्हणाले, यादी जाऊन महिने झाले. मी म्हणाले, तिच्या आईला दाखवायला तरी दुरुस्तीवर सही करा. सर म्हणाले, “पहिली सही तुझी होती की माझी?” माझीच होती. मग त्याच पानाखाली, त्या पाच शब्दांच्या खाली, मी पूर्ण लिहिलं: कुणी काय चुकवलं, गार्डनं काय केलं, आणि मी बघून कसं उलटं लिहिलं. मैत्रिणीचंही लिहिलं. ती त्यानंतर माझ्याशी बोलत नाही. ते पान मी कुंभारीला जाऊन गार्डच्या आईला वाचून दाखवलं. आई शेवटपर्यंत विड्या वळत ऐकत राहिली. मग म्हणाली, “पोरगी चांगली खेळली, हे मला ठाऊक हाय. तुमच्या कागदात न्हवतं, एवढंच.” बी.पी.एड.चे फॉर्म तोवर बंद झाले होते. पुढच्या वर्षी बघू, असं आई म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

आता तुम्ही. तुमच्या हातात कुणाची तरी वही आहे. विद्यार्थ्याची, हाताखालच्या माणसाची, संघातल्या पोरीची. मला पत्र लिहून ‘मनाला भिडलं’ कळवू नका. उद्या सकाळी ती वही जिच्याबद्दल आहे तिच्यासमोर उघडा, पहिल्या पानापासून तिला वाचू द्या, आणि ती जिथे बोट ठेवून म्हणेल की हे असं घडलं नव्हतं, तिथे तुमच्या सहीनिशी, तिच्यासमोर, दुरुस्त करा.