सोमवारचं चाक

राजारामकाका आमचे इंदिरा नगरातले शेजारी. मूळचे भुसावळचे, पण सगळी नोकरी गोमतीकाठच्या जुन्या कागद गिरणीत, फिटर म्हणून. चौऱ्याऐंशीला गिरणी बंद पडली. काका मात्र दर सोमवारी सकाळी सायकलला पहार बांधून जायचेच. तिथल्या वाफेच्या इंजिनाचं चाक दोन माणसांएवढं उंच. ते पहारीनं रेटून पाव फेरा फिरवायचं, तेल द्यायचं आणि घरी. चाक एकाच जागी उभं राहिलं की ते ज्यावर फिरतं तो दांडा वजनानं वाकतो म्हणे. बारा वर्षं हेच.

मधुमतीकाकू म्हणायच्या, "माझ्या गुडघ्याला कधी तेल लावलं नाही यांनी."

शहाण्णवला गिरणीचं म्युझियम करायचं ठरलं. पुण्याच्या आर्किटेक्ट प्रतिमा मॅडम आल्या, त्यांनी काकांनाच विचारून सगळं केलं. पडक्या बॉयलरघराच्या विटा नव्या दालनाला वापरल्या, छपराचे जुने झरोके उघडले, एसी लावलाच नाही. काका खूश होते यार, इतके खूश मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

मग मॅडम म्हणाल्या, "काका, शाळेची मुलं येणार. चाक हललं तर कुणाचा तरी हात जाईल. बोल्टनं पक्कं करावं लागेल."

काकांनी चाकावरून हात फिरवला. मग म्हणाले, "करा. पण कुठं थांबवायचं ते मी सांगणार."

मी तिथेच मॅडमशी भांडले, रडले पण. काका म्हणाले, "तू चूप बस. मुलांचा हात महत्त्वाचा की चाक?"

शेवटचा फेरा त्यांनी एकट्यानं फिरवला. चाक आपसूक फिरणार नाही अशी जड बाजू खाली आणून थांबवलं, मिस्त्रीनं बोल्ट आवळले.

परत येताना मी विचारलं, "आता दांडा वाकेल?"

"वाकेल की. हळूहळू. मी नसेन तेव्हा."

उद्घाटनानंतरच्या पहिल्या सोमवारी काका पहार न घेता, नुसती तेलाची कुपी घेऊन गेले. मी सोबत होते. गेटवर चौकीदार म्हणाला, "चाचा, सोमवार को बंद रहता है."

"अच्छा," काका म्हणाले. कुपी खिशात ठेवली. सायकलवर बसलेच नाहीत, घरापर्यंत हातात धरून चालत आले.

पुढच्या सोमवारी उठले, चहा घेतला, ओट्यावर बसून राहिले. मार्चमध्ये गेले. त्या दिवशी कुठला वार होता ते मला आठवत नाही, आणि काकूंना विचारायची हिंमत होत नाही.