ब्रेक दाबला की काटा पडायचा

आई गेल्यानंतर चार महिन्यांनी मी बाबांना चंद्रपूरहून गडचिरोलीला माझ्याकडे आणलं. बाबा बसडेपोत इलेक्ट्रिशियन होते. सारी नोकरी गाड्यांच्या वायरी सोडवण्यात गेली आणि निवृत्तीनंतर काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. उजेड आणि अंधार एवढाच फरक त्यांना कळायचा. असा माणूस एकटा कसा राहणार, असं मला वाटलं, पुण्यातल्या भावालाही वाटलं. बाबांना काय वाटतं हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. दोन पिशव्या भरल्या, घराला कुलूप लावलं आणि निघालो.

माझ्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात ते दिवसभर फिरत राहायचे. भिंतीला हात लावत दारापर्यंत, दारातून खिडकीपर्यंत, खिडकीतून परत. सकाळी मी निघायची तेव्हा ते उभे असायचे आणि संध्याकाळी यायची तेव्हाही उभेच. रेडिओ लावून दिला तर दहा मिनिटांत बंद करायचे.

"काय करून राह्यले, बाबा?"

"काई नाई. पाय मोकळे करून राह्यलो."

मी सिकलसेलच्या तपासणीचं काम करते. गावोगाव शाळांत, अंगणवाड्यांत जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि प्रयोगशाळेत आणायचे. आठवड्यातले चार दिवस आलापल्ली, एटापल्लीकडच्या गावांत. ऑफिसची जीप मिळाली तर मिळाली, नाहीतर माझी जुनी पेट्रोलची चारचाकी. त्या वर्षी पावसाळा संपता संपता त्या गाडीचा पेट्रोलचा काटा बिघडला. टाकी भरून निघाले तरी चामोर्शीपर्यंत काटा निम्म्यावर यायचा, मग एकदम तळाला जायचा, लाल दिवा लागायचा, आणि थोड्या वेळानं काटा आपोआप वर चढायचा. आष्टी मागे पडून जंगल लागलं की माझी नजर रस्त्यापेक्षा त्या काट्यावरच जास्त असायची. टाकीत पेट्रोल आहे हे माहीत असूनही असायची.

गॅरेजवाल्यानं टाकीतला फ्लोट बदलला. फ्लोट म्हणजे पेट्रोलवर तरंगणारी डबी. ती पेट्रोलबरोबर वरखाली होते, त्यावरून काटा हलतो. दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झालं. "मीटरच गेलं असन ताई, पूर्ण डॅशबोर्ड खोलावा लागन," तो म्हणाला. डॅशबोर्ड खोलायला गाडी चार दिवस ठेवावी लागणार होती आणि चार दिवस गाडीवाचून माझं चालण्यासारखं नव्हतं. मी काट्याकडे पाहणं सोडलं आणि किलोमीटर मोजून पेट्रोल भरायला लागले.

एका गुरुवारी माझी मोजणी चुकली. ठरलेल्या गावांशिवाय आणखी दोन गावं करावी लागली होती. एटापल्लीहून परतताना काटा तळाला होता, पण तो रोजच असायचा. आलापल्ली अजून बरीच लांब असताना गाडीनं दोन आचके दिले आणि ती रस्त्याच्या कडेला बंद पडली.

दुपारचे तीन वाजले असतील. मोबाइलला रेंज नव्हती. दोन्ही बाजूंना साग. मागच्या सीटवर नमुन्यांचा डबा होता आणि त्यातला बर्फ सकाळचा. मी डब्याचं झाकण उघडून पाहिलं, लावलं, पुन्हा उघडलं. उघडल्यानं बर्फ लवकर वितळतो हे मी स्वतःच इतरांना सांगत असते. बाहेर उभी राहिले, आत बसले, परत बाहेर आले. अर्ध्या तासात एक ट्रक गेला, तो थांबला नाही.

मग एक मोटरसायकल आली. तलावातली मासोळी विकून परत चाललेलं जोडपं होतं. रिकामं घमेलं बाईच्या मांडीवर होतं. बाई माझ्याच वयाची.

"काय झालं, बाई?" तिनं विचारलं.

"पेट्रोल संपलं."

"काटा नाई पाह्यला काऊन?"

मला रडूच आलं. एवढ्या साध्या प्रश्नावर रडू यावं याची लाजही वाटली. नवऱ्यानं मोटरसायकलच्या टाकीखालची नळी काढली, बायकोनं पाण्याची बाटली ओतून रिकामी केली आणि नळीखाली धरली. बाटली भरली तशी मी म्हटलं, "तुमच्या गाडीत काय राह्यलं?"

"आमचं गाव इथीच आहे. ढकलत नेऊ." नवरा नळी बसवत म्हणाला.

"घरी कोन आहे तुमच्या?" बाईनं विचारलं.

"बाबा आहेत. त्याईले दिसत नाई."

"मंग इथी कायले उभी राह्यली? निघा ना!" ती जवळजवळ ओरडलीच.

आलापल्लीला टाकी भरली. नमुने पोचवून घरी आले तेव्हा दिवस बुडाला होता. बाबा घरात नव्हते. ते फाटकाबाहेर, कुंपणाच्या भिंतीला हात लावून रस्त्यावर उभे होते. माझ्या गाडीचा आवाज ओळखून ते दोन पावलं पुढे आले आणि मी जोरात ब्रेक दाबला.

घरात गेल्यावर त्यांनी सगळं विचारून घेतलं. तोपर्यंत काट्याबद्दल मी त्यांच्याजवळ बोललेच नव्हते. ऐकता ऐकता ते खुर्चीवर बसले.

"काटा कवा पडते?"

"कवाही पडते."

"कवाही नाई. कवा, ते सांग. खड्ड्यात पडते? दिवे लावल्यावर पडते? चढावर?"

मला सांगता येईना. इतके दिवस मी त्या काट्याला घाबरत होते, पण तो नेमका कधी पडतो हे पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चामोर्शीला जाताना लक्ष ठेवलं. गुरं आडवी आली, मी ब्रेक दाबला, काटा पडला. गतिरोधक आला, ब्रेक दाबला, काटा पडला. संध्याकाळी बाबांना सांगितलं आणि माझं मतही सांगितलं, की ब्रेक लावल्यावर पेट्रोल पुढे सरकत असेल.

"उभ्या गाडीत दाबून पाह्यला?"

नव्हता पाहिला. तसेच अंगणात गेलो. बाबा चाचपडत चालकाच्या जागेवर बसले. मी बाजूला बसून किल्ली फिरवली आणि काट्याकडे बघत म्हटलं, "दाबा." त्यांनी ब्रेक दाबला. काटा खाली गेला. "सोडा." काटा वर आला. गाडी जागची हलली नव्हती.

"आता पेट्रोल कुठी सरकलं?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात अशी गंमत मी कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती.

मग त्यांनी समजावलं. दिवा असो की फ्लोट, त्याची वीज गाडीच्या लोखंडी बॉडीतून परत बॅटरीला जाते. त्यालाच अर्थ म्हणायचं. मागच्या दिव्यांची आणि फ्लोटची अर्थची वायर बहुतेक एकाच ठिकाणी बॉडीला बोल्टनं आवळलेली असते. तो जोड खराब झाला तर ब्रेकचा दिवा लागताच त्याची वीज फ्लोटच्या वाटेत गर्दी करते आणि काटा पडतो.

रविवारी आम्ही कामाला लागलो. चारही दारं उघडी टाकली. पेट्रोलजवळ ठिणगी नको म्हणून बल्ब लावून तपासायचं नाही, फक्त वायरीतला अडथळा मोजणारा मल्टिमीटर, हा बाबांचा हुकूम. मागची सीट उचलली, खालचं झाकण काढलं, फ्लोटचं सॉकेट सुटं केलं. काटा तळाला गेला. काट्याकडून येणारी वायर मी एका तारेच्या तुकड्यानं बॉडीला लावली, काटा सरळ वर, पूर्ण भरल्याच्या खुणेवर. म्हणजे काट्याचं मीटर चांगलं होतं आणि वायरही. डॅशबोर्ड खोलायची गरजच नव्हती.

"आता अर्थच्या काळ्या वायरपासून बॉडीपर्यंत मोज. किती?"

"शून्य."

"नीट पाह्य."

"शून्यच आहे, बाबा."

"मंग अर्थ चांगली आहे." त्यांचा सगळा हिशेब कोलमडला होता. मग फ्लोट मोज, सॉकेट पुस, फ्यूज काढ, परत काळी वायर मोज. ऊन चढलं. मी दोन तास वाकून होते आणि त्यांचं एकच चाललं होतं: "तुले दिसते ना? मंग नीट सांग ना."

"मले दिसते, पन येत नाई!" मी सॉकेट तिथंच टाकलं. "तुमी शिकवलं तर येईन ना. भावाले शिकवलं, मले कवा शिकवलं?"

"तू मांगं लागली असती तं शिकवलं असतं."

"मी मांगं लागली होती, बाबा. रोज लागत होती. तुमी म्हनत होते, जा, आईले कामात हात लाव."

बाबा उठले आणि गाडीच्या कडेला हात लावत लावत घरात गेले. मी सीट तशीच अंगणात ठेवून स्वयंपाकाला लागले. रात्रीपर्यंत आतल्या खोलीतून त्यांच्या पावलांचा आवाज येत राहिला.

सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते अंघोळ करून तयार होते.

"मल्टिमीटरचा गोल खटका कशावर ठेवला होता? त्यावर काय लिहिलं आहे, वाच."

मी मीटर आणून वाचलं. "वीस. पुढं के."

"के म्हंजे हजार. मोठ्या मापावर ठेवला, तर लहान बिघाड शून्यच दिसते. दोनशेवर ठेव." थोडं थांबून ते म्हणाले, "मी कालच विचाराले पाह्यजे होतं. माह्यी चूक आहे."

ते एवढ्याच चुकीबद्दल बोलत होते की आणखी कशाबद्दल, मी विचारलं नाही. त्या दिवशी मी रजा टाकली.

खटका दोनशेवर ठेवून काळी वायर मोजली. आकडा चौदावर गेला, अकरावर आला, परत सतरावर. एका जागी ठरेना. मी वाचत गेले आणि बाबा मान हलवत गेले. ती वायर धरून मी मागे गेले. डिकीचं कार्पेट उचललं, डाव्या दिव्यामागे एक बोल्ट होता आणि त्याखाली तीन काळ्या वायरी. बाबांनी हात पुढे केला. मी त्यांचं बोट बोल्टवर टेकवलं. त्यांनी अंगठा भोवती फिरवला.

"गुळगुळीत आहे. रंग आहे हा. गाडी कुठी ठोकली होती?"

उन्हाळ्यात मागे घेताना मोहाच्या झाडावर आदळली होती. कोपरा ठोकून, रंगवून घेतला होता. रंगवणाऱ्यानं बोल्ट काढला आणि नव्या रंगावरच परत आवळला. थोडे दिवस तो कसाबसा चालला, पावसाळ्याच्या ओलीनं उरलासुरला जोडही गेला.

"मले सांगितलं नाई," बाबा म्हणाले.

"तुमी उगाच काळजी केली असती."

"करतोच ना. बिन सांगितल्यानं काय कमी होते?"

मी बोल्ट काढला. पॉलिश पेपरनं जागा घासली. बाबा दर मिनिटाला विचारायचे, "लोखंड दिसलं?" दिसलं तेव्हा मी त्यांचं बोट पुन्हा तिथं नेलं. वायरींची टोकं घासली, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन लावलं. मीटरनं शून्याच्या आसपास, न हलणारा आकडा दाखवला. मग बाबा पुन्हा चालकाच्या जागेवर बसले आणि मी काट्यासमोर.

"दाबा."

काटा हलला नाही.

"दाबला आहे मी," ते म्हणाले.

"हो. नाई हलला."

त्यांनी पुन्हा दाबला, सोडला, दाबला. आठदहा वेळा तरी. मी प्रत्येक वेळी सांगितलं, नाई हलला.

मला वाटलं होतं, आता ते जरा स्वस्थ बसतील. झालं उलटंच. दुपारी जेवताना ते म्हणाले, "मले चंद्रपूरले नेऊन सोड."

मी नाही म्हटलं. स्वयंपाक कोण करेल, पडलात तर कोण उचलेल, रस्ता कसा ओलांडाल, सगळं बोलून झालं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "त्या घरात कोनता खटका कुठी आहे ते मले माहीत आहे. इथी मी भिंती मोजून राह्यलो. आखीन काई दिवसांनी येडा होईन."

तीन दिवस मी भांडले. भावाला फोन केला, तोही भांडला. चौथ्या दिवशी मी फोन करून चंद्रपुरात जेवणाच्या डब्याची बाई शोधली, तिथल्या शेजारच्या काकूंशी बोलले आणि शनिवारी बाबांना घेऊन निघाले. वैनगंगेचा पूल ओलांडला, सावली, मूल ही गावं मागे पडली. बाबा खिडकीची काच खाली करून बसले होते. घरी पोचल्यावर त्यांनी माझा हात सोडला, कुलूप स्वतः उघडलं आणि भिंतीला हात न लावता सरळ आत जाऊन दिवा लावला.

परतताना मी मूलला थांबले, सावलीला थांबले, दोन्हीकडून फोन केला. दोन्ही वेळा ते वैतागले. पुढचे कित्येक दिवस मला झोप नीट लागत नव्हती. फोन वाजला की हातातलं काम सुटायचं.

महिन्याभरानं, एका शाळेत मुलांची रांग लावून बसले असताना त्यांचा फोन आला. घराजवळच्या गॅरेजमध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेला एक माणूस आहे, तो त्यांना रोज दुपारी घेऊन जातो, असं काकूंनी सांगितलं होतं. बाबा मोठ्यानं बोलत होते, मागे इंजिनाचा आवाज होता. एका गाडीचा डावा इंडिकेटर लावला की दोन्हीकडचे लागतात, काय असेल, असं ते मला विचारत होते.

"अर्थ पाह्यली का, बाबा?" मी म्हटलं.

"पाह्यली. चांगली आहे. दुसरं सांग."

मी विचार करत होते तेवढ्यात तिकडून कोणीतरी त्यांना हाक मारली. "थांब, मी येतो," ते त्या माणसाला म्हणाले आणि फोन ठेवून दिला. समोरचं पोर बाही वर करून केव्हाचं उभं होतं.