दादानं साखर सोडली

साखरेच्या पायी माझ्या थोरल्या भावानं पहिला माणूस लोळवला तो सोमाटण्याच्या नाक्यावर, चहाच्या टपरीपुढे. दादानं बिनसाखरेचा सांगितला होता, टपरीवाल्यानं सवयीनं साखरेचा दिला. दादानं घोट घेतला, तो तसाच त्याच्या अंगावर थुंकला आणि फळीवरून हात घालून त्याला गचांडी धरून बाहेर ओढला. मी शेजारी उभा होतो म्हणून सांगतो, तो माणूस शेगडीसकट बाहेर आला. त्याच्या कानाखाली जी बसली तिचा आवाज ऐकून जुन्या हायवेवरच्या दोन ट्रकवाल्यांनी टायर फुटला म्हणून गाड्या कडेला घेतल्या. बघणारे म्हणतात एकच ट्रक होता. मी दोन मोजले.

"देवाला सोडलेली साखर पाजतो व्हय रं मला?" दादा विचारत होता, आणि टपरीवाला ओठातलं रक्त पुसत म्हणत होता, "भाऊ, चुकलं, लय चुकलं."

मग त्यानं दुसरा चहा केला, बिनसाखरेचा. दादानं माझ्यापुढे हात पसरला. मी खिशातून कागदाची पुडी काढली, तिच्यातला लिंबाएवढा गुळाचा खडा त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो चहात विरघळवला आणि शांतपणे प्याला.

हे कसं झालं ते सांगायला हवं.

दादा आमच्या पवन मावळातला गाजलेला पैलवान. जत्रेच्या आखाड्यात त्यानं एकाला उचलून आपटला तेव्हा टेकडीवरच्या देवळातली घंटा आपोआप वाजली होती, असं मी लोकांना सांगतो, आणि आता लोक ते मला सांगतात. साठी ओलांडली, कुस्ती सुटली, पण जेवण पैलवानाचंच राहिलं. आमच्याकडे जेवला का म्हणजे भात खाल्ला का. पाच भाकरी खाऊन उठलेला माणूससुद्धा भात झाला नसेल तर म्हणतो, अजून जेवलो नाही. दादाचा भात टोपात व्हायचा आणि टोप पुढ्यात घेऊनच तो बसायचा. आमच्या शेतातली इंद्रायणी, नव्या तांदळाची, चिकट आणि वासाची. तीन वेळा.

मग त्याला तहान लागायला लागली. वजन उतरलं. वडगावला डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "आबा, शुगर खूप वाढलीये. साखर बंद करावी लागेल, आणि..."

त्या "आणि"च्या पुढे दादा थांबलाच नाही. गोळ्यांचा कागद माझ्या हातात कोंबून तो बाहेर पडला. रोगाचं नावच साखर, मग वैरी कोण हे कळायला आणखी काय ऐकायचं? घरी न जाता तो सरळ भैरवनाथाच्या देवळात गेला, ओंजळीत पाणी घेतलं आणि देवासमोर सोडलं. "आजपास्नं साखर सोडली." आमच्याकडे काशीला जाऊन माणसं वांगं सोडतात, फणस सोडतात, आणि मग मरेपर्यंत त्याला शिवत नाहीत. दादानं साखर सोडली ती तशीच. लग्नात जिलेबी पुढं करणाऱ्या वाढप्याचा हात त्यानं पिरगळला. सत्यनारायणाचा प्रसाद देणाऱ्या भटजींना हात लावला नाही, पण त्यांचं पातेलं पायानं उडवलं. शिरा छताला लागला. अजून डाग आहे.

पण त्यानं साखर सोडली होती. गूळ सोडला नव्हता.

आणि गूळ माझा. मी लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात तीस वर्षं काम केलंय. माझं काम गुळाच्या भेल्या फोडायचं. चिक्कीचा गूळ चिवट असतो, घणाशिवाय हलत नाही. सकाळी आठ वाजता घण उचलायचा आणि दुपारपर्यंत घालत राहायचं. पुढ्यात कोण आहे असं समजून घालायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. उडालेले तुकडे घरी न्यायला मालकाची ना नव्हती. दर शनिवारी मी शेर-दीड शेर दादाला न्यायचो. वहिनी त्याचे तिळाचे लाडू करायची, गुळाचा भात करायची. वरून तिकोण्याच्या जंगलातला मध. दादा सगळ्यांना छाती ठोकून सांगायचा, "साखरंचा एक कण पोटात न्हाई."

मला माहीत होतं का? खरं सांगतो, संशय होता. आमच्या मालकाला शुगर होती, आणि तो पाकाचा थेंबसुद्धा जिभेला लावायचा नाही, चव घ्यायला मला बोलवायचा. ते मी रोज बघत होतो. पण दादा खडा तोंडात टाकायचा आणि हसायचा. त्याला हसताना मी आयुष्यात फार कमी वेळा बघितलंय. मला बघितल्यावर तर नाहीच.

भात कापणीच्या दिवसांत नव्या चपलेनं त्याच्या डाव्या अंगठ्याला फोड आला. फोडाची जखम झाली, जखमेचा खड्डा झाला. दादा ती बाजेवर पाय टाकून लोकांना दाखवायचा. बोटानं दाबायचा. "बघा, जरा बी दुखत न्हाई. पैलवानाचं हाड हाय." पंधरा दिवसांत अंगठा काळा-निळा पडला आणि वास यायला लागला. वहिनीनं त्याच्या पायावर डोकं आपटलं तेव्हा तो वडगावला यायला तयार झाला.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ जखम बघितली. "दुखत नाही हीच भानगड आहे, आबा. पायाच्या नसा मेल्यात. शुगर अशीच राहिली तर अंगठा जाईल, मग पाऊल, मग गुडघ्याखालून पाय."

"शुगर कशी राहील? साखर सोडलीय मी. देवाला."

"मग गोड काय खाता?"

"गूळ."

"किती?"

दादानं मूठ वळून दाखवली. त्याची मूठ म्हणजे लहानशी भेलीच. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"साखर आणि गूळ सख्खे भाऊ आहेत, आबा. पोटात गेल्यावर कोण कोणता ते ओळखू येत नाही. मधही त्यांतलाच. आणि तुम्ही खाता तेवढा भातही."

दादानं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. वडगावपासून आमच्या तिकोणा पेठेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, कारण न बोलता बसलेला दादा मी फक्त आखाड्यात बघितला होता, समोरचा माणूस पडायच्या आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खळ्यावर भात झोडत होतो. पेंढी डोक्यावरून न्यायची आणि फळीवर हाणायची, हेच काम. बाजूला चुलवणावर आंघोळीचं पाणी तापत होतं. दादा लंगडत आला. पायात चपला नव्हत्या, पट्टीचं टोक मागं लोंबत होतं आणि हातात विळा होता.

"जमिनीसाठी का रं?" तो म्हणाला.

आमची जमीन दोघांच्या नावावर आहे, आणि बंगलेवाल्यांना हवी असलेली आहे. दादानं कधी सही दिली नाही, मी कधी मागितली नाही. पण भावाभावांत न मागितलेलं जास्त लक्षात राहतं.

"दादा, काय बोलतोस..."

"दर शनवारी. पुडी बांधून. गोड बोलून. तीस वरसं गुळात हाईस, तुला ठावं न्हवतं व्हय? इख दिलं असतंस तर मर्द म्हणलो असतो."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

मी खाली बघत पुढची पेंढी उचलली. तेवढं त्याला पुरलं. विळा आला तो मी पेंढीवर झेलला. पेंढीची दोन शकलं झाली आणि माझ्या कोपराची कातडी सोलून निघाली. मी दुसरी पेंढी त्याच्या तोंडावर हाणली. विळा उडाला. मग त्यानं मला कमरेत धरून उचललं. साठीपुढचा, आजारी, एका पायावर, आणि मी त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेलो. पडताना मला एका बाजूला तिकोणा दिसला आणि दुसऱ्या बाजूला तुंग, इतका वर होतो. उठायच्या आत त्याचा गुडघा छातीवर होता. बरगडी मोडली तिचा आवाज मी आतून ऐकला. मी त्याचा कान चावला. खरोखर चावला, तोंडात रक्त आलं. त्यानं मला गळ्याला धरून उभा केला, ओढत नेला आणि चुलवणामागच्या भिंतीला दाबला.

"बोल. ठावं होतं का न्हवतं?"

"होतं," मी म्हणालो. "थोडं ठावं होतं."

त्याचे अंगठे माझ्या गळ्यात रुतले. समोरचं पिवळं व्हायला लागलं. त्यातच वहिनीचा आवाज आला, घराच्या दारातून, अगदी साधा. "कायतरी जळतंय वो. मांस जळल्यावानी."

मग मलाही वास आला. दादालाही आला, त्याच्या नाकपुड्या हलल्या. त्यानं आजूबाजूला बघितलं. मी खाली बघितलं.

चुलवणातले इंगळ आमच्या झटापटीत बाहेर विखुरले होते, आणि दादाचा डावा पाय त्यांच्यावर होता. नुसता टेकलेला नाही. माझा गळा दाबायला त्यानं सगळा भार त्याच पायावर दिला होता. पट्टी पेटली होती, बोटांमधून धूर येत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक रेषसुद्धा हलत नव्हती. तो अजून वास कुठून येतो ते शोधत होता.

"दादा, पाय," मी म्हणालो, जेवढा आवाज उरला होता तेवढ्यात.

त्यानं बघितलं. हात सुटले. वहिनीनं पाण्याची बादली ओतली, चरचर आवाज झाला. दादा जमिनीवर बसला आणि आपला पाय असा बघत राहिला जसा कुणी दुसऱ्याचा पाय त्याच्या मांडीवर आणून ठेवलाय. जत्रेतल्या सगळ्या कुस्त्यांत त्याला चीत झालेला मी बघितला नव्हता. तो त्या दिवशी बघितला.

अंगठा काढावा लागला. पाऊल वाचेल का ते आता रक्तातल्या साखरेवर होतं. ती उतरली नाही तर जखम भरणार नाही, असं सर्जननं सांगितलं. गोळ्यांबरोबर इन्सुलिनची सुई सुरू झाली. ताटाचं चित्र डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दिलं: अर्ध्या ताटात भाजी आणि काकडी-मुळा, पाव ताटात उसळ नाहीतर मासा, उरलेल्या पावात नाचणीची एक भाकरी. भात वाटीभर, तोही त्या भाकरीच्या जागी. गोड काहीच नाही.

दादानं पहिल्याच दिवशी ते ताट भिंतीला हाणलं. नाचणीची भाकरी दारातून गेली आणि कुत्र्याला लागली. दुसऱ्या दिवशी वाटी माझ्या कपाळाला लागली, तीन टाके. आठवडाभर आमच्या घरात भांडी पोटाऐवजी हवेतच फिरत होती. "मावळात जलमून भातावर बंदी? त्यापरीस पाय काप," आठव्या दिवशी दादा म्हणाला.

त्या दुपारी वहिनी कुऱ्हाड घेऊन आली. भाताचा टोप तिनं अंगणात पालथा घातला आणि घाव घातले. जर्मनचं भांडं ते, दोन घावांत फाटलं. तिसरा घाव उगाच होता. मग ती घामाघूम दादापुढे आली आणि कुऱ्हाड त्याच्या बाजेवर ठेवली.

"पाय कापाय ही घ्या. मला रोज रोज कापू नका."

लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण तिचा आवाज चढलेला आम्ही कुणी ऐकला नव्हता. तेव्हाही चढला नाही. दादानं ताट पुढं ओढलं आणि खाल्लं, दगड चावत असल्यासारखं. प्रत्येक घासाला मला शिवी देत होता. मी मोजल्या नाहीत, पण उसळ संपेपर्यंत माझ्या सात पिढ्या संपल्या.

जखम भरेपर्यंत चालायला मनाई होती, तेव्हा बाजेवर बसून तो मुद्गल फिरवायचा. एकदा सुटला आणि भिंतीतून पार गेला. (भिंत कुडाची होती, पण पार गेला.) दर आठवड्याला वडगाव, दर आठवड्याला जखम थोडी भरून आलेली. पहिल्या महिन्यात बाईंनी नुसती पट्टी बदलली. चौथ्या महिन्यात म्हणाल्या, "पाऊल राहिलं, आबा. पण त्याला जाणीव परत येणार नाही. रोज कुणीतरी बघायला हवं. तळवा, बोटांच्या मधे, टाच. तुम्हाला लागलेलं कळणार नाही."

"बायको बघंल," दादा म्हणाला.

"मला आता बारीक दिसत न्हाई," वहिनी म्हणाली.

कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. बरगडी अजून दुखत होती. दादा आला, खुर्ची ओढली, बसला आणि पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला. ओंडका ठेवावा तसा. मी चष्मा लावला.

आता तो पाय रोज माझ्या मांडीवर असतो. नवीन बंद बूट घालून तो जेवणानंतर धरणाच्या रस्त्यानं अर्धा तास चालतो, मी मागं. वाटेत कुणी तब्येत विचारली तर त्याच्याकडे असा बघतो की तो माणूस आठवडाभर दुसऱ्या वाटेनं जातो. परत आल्यावर बूट काढतो आणि मी पाय बघतो. मला उशीर झाला तर तांब्या येतो. मी आता वाकायला शिकलोय.

काल टाचेत बाभळीचा काटा सापडला, बोटाच्या पेराएवढा, तळपायातून आत गेलेला. कधी बुटात शिरला देव जाणे. दिवसभर तो त्यावर चालला होता. मी चिमट्यानं ओढत होतो आणि दादा पलीकडच्या शेताकडे तोंड करून बसला होता.

"काय हाय?"

"काटा."

"निघाला का?"

"निघाला."

"रगत?"

"थोडं."

"पूस मग. आन् अवषद लाव." त्यानं दुसरा पाय माझ्या मांडीवर ठेवला. "ह्यो बी बघ. नीट बघ, घाई करू नगंस."