बनाबाईची हाक

आमच्या गुंडूची मिशी बघितली न्हाय असा माणूस आता कोल्हापुरात घावायचा न्हाय. मोबाइलवर सव्वा लाख लोक त्याच्या म्हागं हाईत म्हणं. पर मला सांगायचंय ते त्याच्या बायकोचं, बनाबाईचं. तिच्या म्हागं कोण न्हवतं. एक म्हस सोडली तर!

मी बाळासो. एसटीत तीस वर्षं कंडक्टर हुतो, त्यामुळं आवाज मोठा हाय आणि रांग मोडलेली मला खपत न्हाय. गुंडूच्या दूधकट्ट्यावर रोज सांजच्याला माझा पयला नंबर. समोर म्हशीची धार काढायची, फेसाचा ग्लास हातात घ्यायचा आणि उभ्या उभ्या रिकामा करायचा. मधी पिशवीतल्या दुधानं गिऱ्हाईक पळवलं. आठ म्हशींच्या तीन ऱ्हायल्या. गुंडू म्हणाय लागला, कट्टा बंद करतो आणि कुठंतरी वॉचमन हुतो.

तेवढ्यात गुंडूची सून आली, तेजस्वी. सकाळी नदीवरनं गुंडू फटफटीवर घरला येतो आणि त्याच्या म्हागनं आमची हिरा म्हस उधळत येती, हे तिनं बघितलं. लगीच रील काढलं, वर ढिंगच्याक गाणं लावलं आणि टाकलं. आता हे आमाला काय नवं न्हाय. दिवाळीच्या पाडव्याला म्हशीची शिंगं रंगवायची, पायात चाळ बांधायचं आणि मालकाच्या गाडीमागं पळवायची, ही हितली जुनी हौस. पर भाईरच्या लोकास्नी त्याचं येडच लागलं! पन्हाळ्याला निघालेल्या गाड्या कट्ट्यावर थांबाय लागल्या. व्हॉट्सअॅपवर खरवसाच्या ऑर्डरी! आणि रांगेत माझा नंबर चौदावा. माझा! पुढं पुण्याची एक पोरगी हिराच्या गळ्यात हात घालून वीस मिनिटं फोटो काढत हुती. म्या वरडलो, "अवो पावणं, म्हस काय पळून जात न्हाय, सरका की!" तर तिनं माझंच शूटिंग केलं. त्याला बारा हजार लाइक पडल्या, खोटं कशाला बोलू.

गुंडूला मात्र लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवला. पाडव्याच्या आदल्या दिवशी तो गोठ्यातनं लाइव्ह आला, मिशीला पीळ दिला आणि म्हणला, "उद्या मैदानात हिरा फकस्त माझ्या हाकंला पळत येणार. न्हाय आली तर ही मिशी उतरीन!"

मिशी म्हंजे गुंडूचा जीव. दाढी करताना न्हाव्याला धा डाव बजावतो. बनाबाई तिथंच शेण काढत हुती. "बाळासो, ह्यांचं डोस्कं फिरलंय," ती म्हणली.

"येती की वो हिरा. रोज येतीच न्हवं?"

बनाबाई कायतर सांगणार, तवर तेजस्वी मोबाइल धरून म्हणली, "आत्याबाई, जरा सरका. फ्रेममधी येताय."

बनाबाई सरकली. शेणाची पाटी उचलली आणि गेली.

पाडव्याला मैदानात मुंगी शिरायला जागा न्हवती. बाकीच्यांच्या म्हशी झकास पळाल्या. मग हिराची पाळी आली. शिंगं गुलाबी, डोस्क्यावर मोरपिसांचा तुरा, काय दिसत हुती बया! ती मैदानाच्या त्या टोकाला, गुंडू ह्या टोकाला. सायलेन्सर काढलेली फटफटी त्यानं अशी रेस केली की माझ्या कानात दडं बसलं. "हिराऽऽ! ये हिराऽऽ!"

हिरा उभी. निवांत रवंथ करत.

दुसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली. हिरानं शेपटी हलवली, माशी उडवली, बास. तेजस्वीच्या लाइव्हवर कुणीतरी कात्रीचं चित्र टाकलं, मग नुसत्या कात्र्याच कात्र्या! गुंडूचा हात आपोआप मिशीवर गेला. त्याचं तोंड बघवंना मला.

माझा फोन वाजला. घरातनं बनाबाई. ओवाळायचं ताट तयार करून ती शेजारणीच्या मोबाइलवर सगळं बघत हुती. "बाळासो, आधी ती फटफटी बंद करा म्हणावं! आणि तुमचा फोन मंडळाच्या माइकला लावा. मी हाक मारतो."

म्या कंडक्टरचा आवाज लावला, "गुंड्या, गाडी बंद कर!" सगळं मैदान गपगार. म्या फोन माइकला टेकवला आणि भोंग्यातनं आवाज आला, "हिराबाय, ये गं माझ्या सोन्या. ये, ये, ये..."

हिराचं कान ताठ! आणि जी सुटली म्हणता! चाळ वाजवत, तुरा उडवत, गुंडूच्या शेजारनं सरळ पुढं, थेट भोंग्यावर. लोक सैरावैरा पळालं. एक पावणा उसाच्या रसाच्या गाड्यावर चढला आणि वरनं शूटिंग करत ऱ्हायला. हिरा मात्र भोंगा चाटत हुती.

तवा आमच्या डोस्क्यात उजेड पडला. रोज सकाळी बनाबाई दारात भुश्श्याची बादली घिऊन हाक मारायची. हिरा फटफटीमागं न्हवती पळत, घराकडं पळत हुती. रेडकू हुती तवा बाटलीनं दूध पाजून जगवली तिनंच. फटफटीच्या आवाजात ती हाक गुंडूला कधी ऐकू आली न्हाय. आणि रीलवर ऐकू यावी तर वर गाणं.

"गाणं मीच लावत हुतो," तेजस्वी रडकुंडीला आली.

लोक नाचत हुतं, "आली की म्हस! मिशी वाचली!" गुंडू गाडीवरनं उतरला. माझ्या हातातल्या फोनकडं बघत म्हणला, "हाक माझी न्हवती." आणि लाइव्ह चालू असताना कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसला. मला त्याचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू!

घरी बनाबाईनं आधी हिराला ओवाळलं. मग नवऱ्याकडं वळली, आणि हसता हसता ताटातला दिवा इझायची पाळी आली. "अगं बया! लग्नात असंच दिसत हुता की वो!" गुंडू लाजून लालभडक झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजस्वी परत मोबाइल धरून दारात उभी. गाणं न्हाय, काय न्हाय. बनाबाई पदर खोचून हाक मारत हुती, हिरा लांबनं उधळत येत हुती, आणि गुंडू भुश्श्याची बादली घिऊन बायकोच्या शेजारी येऊन उभा ऱ्हायला.

तेजस्वी म्हणली, "मामा, जरा सरका. फ्रेममधी येताय."